शिल्लक १

'शिल्लक' हा शब्द मी चौतीस वर्षं रोज लिहिला. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. प्रत्येक रॅकला एक बिन कार्ड टांगलेलं असे आणि त्यावर तीन रकाने : आवक, जावक, शिल्लक. ३१ मार्चच्या सुमाराला ऑडिटर यायचे. कार्डावर १ असेल तर रॅकमध्ये हात घालून ती एक वस्तू काढून दाखवावी लागे. कार्डावर १ आणि रॅकवर शून्य निघालं, की समोरचा चहा तसाच ठेवून ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत, ती नजर अजून स्वप्नात येते. एका वर्षी एक बेअरिंग कमी भरलं. दोन दिवस शोधलं. शेवटी फोरमनच्या टेबलावर पेपरवेट म्हणून सापडलं, तेव्हा कुठे रात्री झोप लागली.

अशा माणसानं मोबाईलवर 'नवी कोरी, न वापरलेली, फक्त १ शिल्लक' असं वाचलं तर त्याचा विश्वास बसणारच. मी तर मनातल्या मनात रॅकसुद्धा पाहिला.

गाडी हवी होती बायकोला. मला लोकल पुरते. बदलापूरला चढलेला माणूस दादरला उतरू शकला की तो आयुष्यात कुठेही उतरू शकतो, अशी माझी समजूत आहे. पण बायको चोपन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग क्लासला गेली. क्लासची गाडी छोटीशी, डोक्यावर पाटी, मास्तरांच्या पायाखाली जादा ब्रेक. पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाच्या चढावर ती गाडी बायकोनं इतक्या वेळा बंद पाडली, की मागचे रिक्षावाले तिला ओळखू लागले. पण लायसन्स मिळालं, आणि मिळाल्यावर तिनं निकाल दिला : घ्यायची तर हीच गाडी. कारण विचारलं तर म्हणाली, "अहो, क्लच म्हणजे स्वभाव असतो. एकाचा स्वभाव ओळखायला किती वर्षं गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. आता ह्या वयात दुसऱ्याचा नको."

ह्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. अडचण एवढीच, की कंपनीनं ती गाडी बनवणं बंद केलं होतं. गाडीचं नाव मी इथे घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं समजा. उखाण्यातही घेणार नाही.

मोबाईलवर शोधलं तर एक सोडून तीन ठिकाणी ती गाडी 'नवी' होती. एक उल्हासनगरला, एक अंबरनाथला आणि एक आमच्या बदलापूरला. तिन्ही ठिकाणी 'फक्त १ शिल्लक'. मी चष्मा पुसून पाहिलं. तिन्ही ठिकाणी फोटोही एकच : पांढरी गाडी, मागे बर्फाचे डोंगर, आणि गाडीच्या उजव्या अंगाला तोच एक ढग. बायकोनं फोटो मोठा करून स्टिअरिंग डावीकडे असल्याचं दाखवलं. किंमत अशी, की वाचून माणसानं आधी पाणी प्यावं. किंमतीच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. चांदणीखाली काय लिहिलंय ते बघायला गेलो तर पान आपोआप खाली सरकून माझा मोबाईल नंबर मागू लागलं. मी दिला. दुकानात गेल्यावर नाव सांगतोच की आपण.

पहिला फोन अर्ध्या मिनिटात आला. इतक्या तत्परतेनं मला आजवर कोणी विचारलेलं नाही, लग्नासाठीही नाही. मुलगा गोड बोलत होता. मी म्हटलं, ती एक शिल्लक आहे ती बघायची आहे. तो म्हणाला, "सर, ती कालच गेली." आणि श्वास न घेता, "पण तिच्यापेक्षा चांगली आहे." चांगली म्हणजे दोन लाखांनी महाग आणि मोठी. मी म्हटलं, कालच गेली तर आज जाहिरात कशी? "सर, सिस्टीम अपडेट होतेय."

आमच्या स्टोअरमध्ये हे उत्तर दिलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा मी बराच वेळ विचार केला.

शिल्लक गाड्या नसतातच असं मात्र नाही. असतात, आणि त्यांचे किस्से मोठे गमतीचे आहेत. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १ एप्रिलपासून प्रदूषणाच्या जुन्या निकषाची, म्हणजे बीएस-३ वाहनं विकायची नाहीत. देशभरात आठ लाखांहून जास्त वाहनं पडून होती, त्यांत बहुतेक दुचाक्या. मग दोन दिवस जे झालं ते आठवतं ना? हजारोंची सूट, शोरूमबाहेर रांगा, एकेक माणूस दोन-दोन स्कूटर नेतोय. सुरतेची लूट अशीच झाली असेल, फक्त तिथे पावती दिली नसेल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शेवरोलेवाल्या जनरल मोटर्सनं भारतातली विक्री थांबवणार असल्याचं जाहीर केलं. २०२० च्या मार्चअखेरीला बीएस-४ ची पाळी आली आणि नेमकी टाळेबंदी आडवी पडली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन आवरायला घेतलं. दर वेळी कुठल्या ना कुठल्या यार्डात काही गाड्या उन्हापावसात उभ्या राहतात आणि त्या खरोखर स्वस्तात जातात. नॅनोचं तर माझ्यासारख्या स्टोअरकीपरनं फ्रेम करून लावावं असं आहे : जून २०१८ च्या अख्ख्या महिन्यात नॅनो बनली एक. एकच. कार्डावर आवक १ लिहिणाऱ्या तिथल्या माणसाचा हात थरथरला असेल.

आमच्या पट्ट्याला तर हे दुःख जुनं आहे. पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा एक कारखाना इथेच कल्याण-डोंबिवलीकडे होता. फ्रेंच प्युजो कंपनीशी भागीदारी करून त्यांनी १९९४ च्या सुमाराला तिथे प्युजो ३०९ काढली. गाडी चांगली होती असं चालवणारे अजून सांगतात. पण कामगारांचे झगडे झाले, भागीदारांचं फाटलं, १९९७ मध्ये फ्रेंच निघून गेले, आणि ज्यांनी गाड्या घेतल्या ते सुट्या भागांसाठी वणवण करत राहिले. तेव्हापासून इथल्या जुन्या माणसांत एक शहाणपण मुरलेलं आहे : बंद झालेली गाडी घेताना आधी तिच्या सायलेन्सरची चौकशी करावी, मग रंगाची.

असो. आम्ही उल्हासनगरला गेलो.

उल्हासनगरला जाताना मला नेहमी थोडं घरी गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या लोकांना त्या बराकींत जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते नगराची कोनशिला बसली, नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. पण लोक अजून पत्ता सांगताना कॅम्प नंबरच सांगतात. सगळं गमावून आलेल्या ह्या लोकांनी पापड, बिस्किटं, फर्निचर, जीन्स, जे जमेल ते करून विकलं. आणि त्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या लहानपणी लोकलच्या डब्यात रोज कोणी तरी नव्यानं सांगे आणि सगळे नव्यानं हसत.

मी पहिल्या पगारात पाच नंबर कॅम्पातून एक 'अमेरिकन' पँट घेतली होती. लेबलवर अमेरिकेचं स्पेलिंग चुकलेलं. मी दुकानदाराला ते दाखवलं. तो म्हणाला, "साहब, लेबल पढ़ने के लिए ले रहे हो या पैंट पहनने के लिए?" आणि डोळा मिचकावला. वीस रुपये कमी केले. ती पँट मी अकरा वर्षं घातली, पुढे तिच्या पिशव्या झाल्या, आणि त्यातली एक अजून आमच्याकडे कांद्यांसाठी आहे. त्याचं खोटं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे, आणि भाव त्या हिशेबानंच ठरला. शिवाय पँट होती! हातात घेऊन, ताणून, उजेडात धरून बघता येत होती.

शोरूममध्ये बर्फाच्या डोंगरातली गाडी नव्हती. मात्र थंडी तेवढीच होती. आम्हाला आधी चहा, मग पाणी, मग पुन्हा चहा मिळाला. मुलगा फोनवाला तोच. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, गळ्यात पट्टा, पायात दुखरे बूट. 'सर'वरून तो 'काका'वर आला. त्यानं 'तिच्यापेक्षा चांगली' दाखवली आणि कागदावर हिशेब मांडला : एक्स-शोरूम इतके, त्यावर पेट्रोल गाडीला अकरा टक्के रोड टॅक्स, विमा, फास्टॅग, मॅट, सीटकव्हर, हँडलिंग. चांदणीखाली जे जे दडलं होतं ते सगळं एकेक करून बाहेर आलं, लग्नात रुसलेले नातेवाईक येतात तसं. बायकोनं विचारलं, "हँडलिंग म्हणजे काय?" तो म्हणाला, "काकू, गाडी हाताळायला लागते ना." बायको म्हणाली, "हाताळणार मी आहे."

तिथेच त्याचा थोडा धीर सुटला आणि तो खरं बोलू लागला. अशी माणसं मला आवडतात. म्हणाला, "काका, नव्या गाडीची जाहिरात सगळेच टाकतात, ती कोण बघतो? बंद झालेली गाडी शोधणारे थोडे, पण पक्के. त्यांना घ्यायचीच असते. एकदा नंबर मिळाला की दहातले एक-दोन दुसरी घेऊन जातात. मला महिन्याला इतके लीड दाखवावे लागतात." लीड म्हणजे आम्ही. मी विचारलं, ती गाडी कधी होती का तुमच्याकडे? तो म्हणाला, "मी लागलो त्याच्या आधी असेल." तो लागला त्याला दोन वर्षं झाली होती.

म्हणजे ते गाडीचं कार्ड नव्हतंच. ते माझं होतं. आवक १.

अंबरनाथला गाडी होती. हे मी आनंदानं नोंदवतो. शोरूममागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, टायरांच्या ढिगाआड, धुळीनं करडी झालेली. कोणी तरी बोनेटवर बोटानं 'मला धुवा' असं लिहून गेलं होतं. सेल्समन म्हणाला, नवीच समजा. 'समजा' ऐकलं की स्टोअरमधला माणूस जागा होतो. मी वाकून टायर बघितला. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चार वर्षं जुना. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. ही आमच्या बदलापूरकडची खास पद्धत. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बोटींनी काढलं, तो पूर ज्यानं पाहिला तो गाडीचा पट्टा ओढतोच. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. इथे रेघ नव्हती. किलोमीटर मात्र नऊ हजार होते. "टेस्ट ड्राईव्हची आहे, काका." म्हणजे नऊ हजार किलोमीटर अनोळखी लोकांनी क्लच शिकायला वापरलेली. नोंदणी झालेली, पहिला मालक शोरूम. नवी, न वापरलेली! बायकोनं क्लच दाबून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. स्वभाव बिघडलेला होता.

आलोच होतो म्हणून शिवमंदिरात गेलो. ते मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं म्हणून शिखर राहिलं, अशी गोष्ट आमच्या इथे सगळे सांगतात. गाभारा खरंच आभाळाला उघडा आहे. वीसेक पायऱ्या उतरून खाली जायचं आणि मान वर केली की ढग. डिलिव्हरीची घाई झाली की काम अर्धवट राहतं, हे त्या काळापासूनचं. पण ते खरं बांधलं शिलाहार राजांच्या काळातल्या लोकांनी, आणि त्यांनी एक गोष्ट चोख केली : शिलालेखात शक कोरून ठेवला, ९८२. म्हणजे इसवी सन १०६०. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या दगडाचं वर्ष आज वाचता येतं आणि चार वर्षांपूर्वीच्या गाडीचं वर्ष कळायला मला जमिनीवर गुडघे टेकावे लागले. खरं तर गाडीवरही ते कोरलेलं असतंच. सतरा अक्षरांचा चेसिस नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधी येत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला असतो. पैसे देण्याआधी हे दोन्ही मागावं. मागितलं की समोरच्याचा चेहरा बघावा. तेही एक कागदपत्रच आहे.

तिसरी गाडी बदलापूरची. पत्ता घरापासून दहा मिनिटांवर. पानावर लिहिलं होतं, 'बदलापूरच्या प्रशस्त रस्त्यांना साजेशी'. हे वाचून आमच्या मजल्यावरची मंडळी अजून हसतात. नंतर लक्षात आलं की तोच मजकूर अंबरनाथच्या आणि उल्हासनगरच्या पानावरही होता, फक्त गावाचं नाव बदललेलं. यंत्रानं गावांची यादी घ्यायची आणि एकेकाला एकेक पान लावून द्यायचं. दुकान असो वा नसो.

नव्हतं. पत्त्यावर पोळी-भाजी केंद्र होतं. गल्ल्यावरच्या ताईंनी आम्हाला बघूनच विचारलं, "गाडीला आलात का? ह्या आठवड्यातले तुम्ही तिसरे." मी ओशाळलो. म्हणाल्या, "गाडी नाही, पुरणपोळ्या आहेत. पण चारच शिल्लक आहेत हं." आणि झाकण उघडून डबा दाखवला. मी मोजल्या. चार.

बदलापूर हे नाव कसं पडलं ह्याची एक गोष्ट सांगतात : जुन्या काळी कोकण-घाटाच्या वाटेवर इथे घोडे बदलत. थकलेला सोडायचा, ताजा घ्यायचा. खरी-खोटी देव जाणे, पण घोडा बदलणारा माणूस घोड्याचे दात बघून घेत असणार, आणि 'तो घोडा कालच गेला, पण उंट आहे' असं कोणी म्हटलं असतं तर तिथे गाव वसलं नसतं.

पुतण्या वकिली शिकतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, काका, ह्याला कायद्यात नाव आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ९ जून २०२२ ला नियम काढले, त्यात आमिषाच्या जाहिरातीची व्याख्याच दिली आहे : गिऱ्हाईक खेचायला कमी भावात माल देऊ करणारी जाहिरात. त्या भावात विकायला माल पुरेसा हवा. माल थोडाच असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाईन फसवाफसवीचे तेरा प्रकार नावानिशी बंद केले. एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं त्यात आहे आणि 'लवकर करा, एकच उरलंय' अशी खोटी घाई लावणंही आहे. तक्रारीला १९१५ हा फोन नंबर आहे. मी तेरा प्रकार वाचले. त्यातले पाच मी एका दुपारी, दोन चहांत अनुभवले होते. तक्रार केली. खरं सांगायचं तर त्या पट्टेवाल्या मुलाचे बूट आठवून जरा जीवावर आलं, पण ते पान त्यानं लिहिलेलं नव्हतं.

दरम्यान फोन येतच राहिले. पनवेलहून, नाशिकहून, एक तर कोल्हापूरहून. सगळ्यांकडे ती गाडी कालच गेलेली. मी मनाशी हिशेब केला, काल महाराष्ट्रात त्या बंद झालेल्या गाडीची विक्रमी विक्री झाली होती.

संक्रांतीनंतर बी विंगमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे हळदीकुंकू होतं. बायको वाण घेऊन आली ती चप्पल न काढताच म्हणाली, "अहो, त्यांची गाडी! चिंचेखाली कव्हर घालून असते ना, ती आपलीच गाडी आहे." सहा वर्षं मी त्या कव्हरला वळसा घालून दूध आणायला जात होतो. बाई मुलाकडे पुण्याला चालल्या होत्या आणि गाडी कोणाला द्यावी ह्या विवंचनेत होत्या. जाहिरात का नाही दिली विचारलं तर म्हणाल्या, "इश्श, लोक काय म्हणतील?" आठ वर्षांची गाडी, एकोणतीस हजार किलोमीटर, सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या फाईलमध्ये तारीखवार. मी टायर पाहिला, पट्टा ओढला, चेसिस नंबर जुळवला. बाई चष्म्यावरून बघत होत्या. बहुधा मार्क देत होत्या. बायकोनं क्लच दाबला आणि नुसती हसली. कल्याणच्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरले, एमएच-०५ चा तोच नंबर आमच्या नावावर झाला. मी घरी जुन्या डायरीत तीन रकाने आखले.

मागच्या महिन्यात उल्हासनगरच्या त्या मुलाचा फोन आला. आवाज दबका. "काका, एक गिऱ्हाईक आलंय. जाहिरात बघून. उठायलाच तयार नाही. तुम्ही ती गाडी घेतलीत असं कळलं. द्यायची आहे का? चांगला भाव देतो." फोन स्पीकरवर होता. बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा त्याला, कालच गेली."

तेव्हा तुम्हाला कुठे 'बदलापूर, फक्त १ शिल्लक' असं दिसलं तर एवढंच ध्यानात ठेवा, ती आमची नव्हे. आमची चिंचेखालीच उभी असते, आणि ती विकायची नाही.